उन्हाळी शिबिरांचा कोल्हापूर-रत्नागिरी धागा

विद्यापीठाच्या परीक्षा आटोपल्या, की कोकणात दोन गोष्टींची लगबग सुरू होते. एक आंब्याच्या पेट्यांची आणि दुसरी मुंबई-पुण्याहून सुट्टीसाठी घरी येणाऱ्या मुलांची. ख्रिस्ती कुटुंबांतील महाविद्यालयीन मुलामुलींच्या या सुट्टीत आणखी एका कार्यक्रमाची भर पडते. तो म्हणजे नेतृत्व प्रशिक्षणाचे उन्हाळी शिबिर. काही दिवस किंवा काही आठवडे एकत्र राहणे, पहाटेची प्रार्थना, गटागटाने बायबलचा अभ्यास, व्याख्याने, खेळ, श्रमदान आणि आपल्या मंडळीत परतल्यावर कोणती जबाबदारी उचलायची याचा विचार, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते.

ही प्रथा अमेरिकेतून आली, असे सामान्यतः मानले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. ज्या शिबिरापासून विद्यार्थ्यांच्या जागतिक चळवळीला वळण मिळाले, त्यात निर्णायक भाग घेणारा तरुण कोल्हापुरात जन्मला होता. त्याच्या वडिलांनी कोल्हापुरात उभारलेल्या मिशनचीच एक शाखा पुढे आंबा घाट उतरून रत्नागिरीला आली. अशा शिबिरांतून घडणारे पुढारी कोणाचे, पाठवणाऱ्यांचे की ज्यांच्यात ते राहतात त्या समाजाचे, हा प्रश्नही मराठी मुलुखातच धारदारपणे विचारला गेला.

गवताच्या गंजीपासून मुंबईपर्यंत

या कथेचा आरंभ १८०६ सालच्या ऑगस्ट महिन्यात होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी मोकळ्या रानात जमले होते. अचानक वादळी पाऊस आला आणि त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. तेथे परदेशात सुवार्ता नेण्याबद्दल जे बोलणे झाले, त्याची परिणती १८१० साली ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेच्या स्थापनेत झाली. त्याच विद्यार्थी वर्तुळातून पुढे आलेला गॉर्डन हॉल आणि त्याचा सहकारी सॅम्युएल नॉट हे १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा पाया असा घातला गेला. याच मिशनने १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले.

या मिशनतर्फे १८४६ साली रॉयल गोल्ड वाइल्डर हे पत्नी एलायझा यांच्यासह अहमदनगरला आले आणि १८५२ साली कोल्हापुरात स्थायिक झाले. वाइल्डर यांचा ओढा शिक्षणाकडे होता. मिशनने शाळा चालवाव्यात, असे त्यांचे ठाम मत होते. बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन यांना मात्र शाळांपेक्षा स्थानिक भाषेतील उपदेश आणि स्थानिक मंडळ्यांची उभारणी महत्त्वाची वाटे. हा वाद विकोपाला गेला. अखेर वाइल्डर यांनी बोर्डाचा आधार सोडला आणि १८६१ साली ते स्वतंत्रपणे कोल्हापुरात परतले. पुढे १८७० साली अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन पंथाच्या बोर्डाने हे मिशन आपल्याकडे घेतले.

यानंतर मिशनचा विस्तार झाला. १८७३ साली रत्नागिरी, १८७७ साली पन्हाळा आणि १८८४ साली सांगली येथे केंद्रे सुरू झाली. पुढे मिरज आणि वेंगुर्ले यांची भर पडली. वेंगुर्ले त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उभारलेले रुग्णालय याच मिशनचे. त्यामुळे देशावरील कोल्हापूर-मिरज आणि कोकणातील रत्नागिरी-वेंगुर्ले येथील प्रोटेस्टंट मंडळ्यांचे नाते प्रारंभापासूनच घाटमार्गांनी जोडलेले राहिले.

माउंट हर्मनचे चार आठवडे

रॉयल वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट पार्मली वाइल्डर याचा जन्म २ ऑगस्ट १८६३ रोजी कोल्हापुरात झाला. त्याचे बालपण तेथेच गेले. वडिलांची प्रकृती ढासळल्यामुळे १८७०च्या दशकाच्या मध्यावर हे कुटुंब अमेरिकेला परतले व प्रिन्स्टन येथे राहू लागले. तेथे वडिलांनी मिशन कार्याला वाहिलेले एक मासिक काढले. रॉबर्ट प्रिन्स्टनच्या महाविद्यालयात शिकू लागला आणि १८८३ साली त्याने परदेशात सेवेसाठी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या बैठका वाइल्डर यांच्या घरी भरत. शेजारच्या खोलीत बहीण ग्रेस यशासाठी प्रार्थना करीत असे. ग्रेसने स्वतः माउंट होलिओक येथे शिकताना मुलींचे असेच मंडळ चालवले होते.

याच सुमारास वायएमसीएच्या महाविद्यालयीन विभागाचे चिटणीस ल्यूथर विशर्ड यांना एक कल्पना सुचली. निरनिराळ्या महाविद्यालयांतील निवडक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकत्र आणून त्यांना महिनाभर बायबलचे शिक्षण द्यावे, म्हणजे ते आपापल्या महाविद्यालयांत परतून कामाचे नेतृत्व करतील, अशी ती कल्पना होती. त्यांनी सुप्रसिद्ध धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांना गळ घातली. मूडी यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. उच्चशिक्षित तरुणांसमोर उभे राहण्यास ते प्रथम कचरत होते, पण अखेर त्यांनी होकार दिला. कनेक्टिकट नदीकाठी माउंट हर्मन येथे मूडी यांनीच स्थापन केलेल्या मुलांच्या शाळेत जुलै १८८६ मध्ये हे शिबिर भरले. ऐंशीहून अधिक महाविद्यालयांतील २५१ विद्यार्थी त्याला उपस्थित होते.

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत परदेशी मिशनचा विषय मुळात नव्हता. तो आणला रॉबर्ट वाइल्डरने. शिबिराच्या आरंभी परदेशात जाण्यास तयार असलेले विद्यार्थी जेमतेम वीस-एकवीस होते. त्यांच्यासह त्याने रोज प्रार्थना सुरू केली आणि फावल्या वेळी इतर विद्यार्थ्यांना एकेकटे गाठून तो बोलू लागला. एका संध्याकाळी दहा निरनिराळ्या राष्ट्रांशी संबंध असलेल्या दहा तरुणांनी आपापल्या देशाची गरज मोजक्या शब्दांत मांडली. त्याचा परिणाम मोठा झाला. शिबिर संपले तेव्हा परदेशी जाण्याची तयारी दर्शवणाऱ्यांची संख्या शंभर झाली होती. शंभर जण पुढे येतील, असे ग्रेसने भावाला आधीच सांगितले होते, अशी आठवण या चळवळीच्या इतिहासात नोंदवली जाते.

या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा एक विद्यार्थी होता. त्याचे नाव जॉन मॉट. हाच विद्यार्थी पुढे वायएमसीएच्या जागतिक कार्याचा अध्वर्यू झाला आणि १९४६ सालच्या शांततेच्या नोबेल पुरस्काराचा एक मानकरी ठरला.

पुढील शैक्षणिक वर्षात रॉबर्ट वाइल्डर आणि लाहोरच्या मिशनरी कुटुंबातील जॉन फोरमन या दोघांनी दीडशेहून अधिक महाविद्यालयांना भेटी दिल्या. दोन हजारांवर विद्यार्थी-विद्यार्थिनींनी नावे नोंदवली. १८८८ साली मॉट यांच्या अध्यक्षतेखाली ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही संघटना रीतसर उभी राहिली. पुढील अर्धशतकात या चळवळीतून सुमारे वीस हजार तरुण परदेशी गेले. उन्हाळी शिबिर ही पद्धतही वेगाने पसरली. १८८७ पासून नॉर्थफील्ड येथे दरवर्षी विद्यार्थी परिषद भरू लागली. विशर्ड यांनी १८८९ साली जपानमध्ये क्योतो येथील दोशिशा संस्थेत तशीच उन्हाळी शाळा भरवली.

शिबिराची घडण

या शिबिरांची दिनचर्या ठरीव असे. सकाळची वेळ बायबलचा अभ्यास आणि व्याख्याने यांसाठी, दुपार खेळ व पोहणे यांसाठी मोकळी आणि सूर्यास्तानंतर उघड्यावर, टेकडीवर किंवा पाण्याकाठी चिंतनपर भाषण. दुपार मोकळी ठेवण्यामागे हेतू होता. विद्यार्थ्यांच्या खऱ्या ओळखी मैदानावर होतात आणि गंभीर निर्णय फिरता फिरता झालेल्या गप्पांतून पक्के होतात, असा संयोजकांचा अनुभव होता. माउंट हर्मन येथे वाइल्डरने केलेले काम बरेचसे अशाच वेळी झाले होते.

दुसरे वैशिष्ट्य लहान गटांचे. आठ-दहा जणांच्या गटाचे नेतृत्व एखाद्या विद्यार्थ्याकडेच सोपवले जाई. धर्मगुरूने प्रवचन द्यावे आणि तरुणांनी ते ऐकावे, ही जुनी रीत येथे मोडली गेली. वचन वाचायचे, त्यावर प्रश्न विचारायचे, उत्तर आपण शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी गट आपण चालवायचा, हा क्रम होता. तिसरे वैशिष्ट्य परतीच्या जबाबदारीचे. शिबिराचा शेवट आभारप्रदर्शनाने न होता, वर्षभराच्या कामाच्या आखणीने होत असे. पंथभेद बाजूला ठेवून निरनिराळ्या मंडळ्यांतील तरुण एकत्र आणणे, हा आणखी एक विशेष. चर्चच्या ऐक्याच्या विसाव्या शतकातील चळवळीत पुढे आलेले अनेक जण याच शिबिरांत परस्परांना प्रथम भेटले होते.

चळवळ भारतात येते

मुंबईत वायएमसीएची स्थापना १८७५ साली झाली होती आणि १८९१ साली मद्रास येथे तिची राष्ट्रीय परिषद उभी राहिली. वडिलांच्या निधनानंतर ग्रेस वाइल्डर आईसह कोल्हापूर परिसरात परतली व तेथेच काम करीत राहिली. १८९२ साली ब्रिटनमधील विद्यार्थ्यांच्या अशाच चळवळीला चालना देऊन रॉबर्टही भारतात आला. त्याने कोलकाता आणि पुणे येथील महाविद्यालयीन तरुणांत काम केले. १८९५ साली स्वीडनमध्ये जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघ स्थापन झाला आणि त्यानंतर लगेचच मॉट यांनी भारताचा दौरा करून ठिकठिकाणी विद्यार्थी परिषदा घेतल्या. १९१२ साली भारतातील विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ, म्हणजेच एससीएम, स्थापन झाली.

रत्नागिरीच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही चळवळ महाविद्यालयांच्या आधारे वाढली आणि रत्नागिरीत महाविद्यालय सुरू झाले ते १९४५ साली. आज गोगटे-जोगळेकर या नावाने ओळखले जाणारे हेच ते महाविद्यालय. तोपर्यंत उच्च शिक्षणासाठी कोकणातील तरुणाला मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागे. साहजिकच विद्यार्थी चळवळीशी त्याचा संबंध आला तर तो परगावी, वसतिगृहात येई. शिक्षणासाठी बाहेर पडलेला कोकणी तरुण बहुधा नोकरीनिमित्त बाहेरच स्थिरावत असे. नेतृत्वाचे शिक्षण शहरात आणि त्याची गरज गावात, ही कोकणातील लहान मंडळ्यांची अडचण जुनीच आहे.

पुढारी कोणाचे?

माउंट हर्मनच्या शिबिराने नेतृत्व घडवले यात शंका नाही. पण ते नेतृत्व पश्चिमेकडून पूर्वेकडे पाठवण्यासाठी होते. ज्यांच्याकडे हे तरुण येत, त्या देशांतील ख्रिस्ती जनांचे स्थान काय? हा प्रश्न भारतीयांनी विचारला आणि त्यात त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याच्या करजगाव येथे १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक अग्रभागी होते.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. परंतु परदेशी मिशनच्या पगारावर अवलंबून असलेली मंडळी आणि परक्या पेहरावातील ख्रिस्ती धर्म त्यांना कधीच पटला नाही. अभंग आणि कीर्तन या मराठी माणसाच्या आपल्या साधनांतून ख्रिस्त मराठी मनाला भेटावा, असा त्यांचा ध्यास होता. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी योजना होती. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबाराचे काम अपुरे राहिले. तथापि कल्पना संपली नाही. त्यांच्या प्रभावाखाली आलेले इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. भारतीय आणि इंग्रज यांनी एकाच आश्रमात, एकाच पंगतीत राहावे, हा त्याचा नियम होता. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले व्हेरियर एल्विन भारतात आले ते याच संघाच्या पुण्यातील आश्रमात.

विद्यार्थी चळवळीतूनही हाच सूर उमटत होता. वायएमसीएमध्ये तयार झालेले व्ही. एस. अझरय्या यांनी १९०५ साली सेरामपूर येथे राष्ट्रीय मिशनरी संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय व्यवस्थापन हे तिचे तत्त्व. १९१० साली एडिंबरो येथे मॉट यांच्या अध्यक्षतेखाली जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधींत आशियाई प्रतिनिधी वीसच्या आतच होते. त्या सभेत अझरय्यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाचा गौरव केला, मात्र त्यांच्याकडून मैत्रीची, बरोबरीच्या वागणुकीची मागणी स्पष्ट शब्दांत केली. १९१२ साली ते दोर्नाकलचे बिशप झाले. अँग्लिकन पंथाचे ते पहिले भारतीय बिशप होत. १९१६ साली के. टी. पॉल हे भारतातील वायएमसीएचे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले. ग्रामीण पुनर्रचना आणि सहकार यांकडे त्यांनी संस्थेचे लक्ष वळवले.

सेगावची भेट

माउंट हर्मनच्या शिबिराला पन्नास वर्षे झाली त्याच वर्षी, १९३६च्या अखेरीस, वृद्ध झालेले मॉट वर्ध्याजवळील सेगाव येथे महात्मा गांधींना भेटले. सेगावचे पुढे सेवाग्राम झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली होती आणि त्या पार्श्वभूमीवर मिशनऱ्यांच्या हालचालींबद्दल देशात तीव्र चर्चा सुरू होती. दलितांना धर्मांतरासाठी आवाहन करण्याच्या प्रयत्नांवर गांधीजींनी या भेटीत कडक आक्षेप घेतला. सेवा करावी, पण तिच्या मोबदल्यात धर्मांतराची अपेक्षा ठेवू नये, अशी त्यांची भूमिका होती. मॉट यांनी सुवार्ता सांगणे हे आपले कर्तव्यच असल्याचे मांडले. दोघांचे एकमत झाले नाही, तरी संवाद तुटला नाही. दोन वर्षांनी मद्रासजवळ तांबरम येथील जागतिक परिषदेसाठी मॉट पुन्हा भारतात आले होते.

सुवार्ता सांगण्याचा हक्क कोठे संपतो आणि दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर कोठे सुरू होतो, हा प्रश्न म्हणजे शिबिरांच्या वारशाचाच एक भाग आहे. अमेरिकेतही पहिल्या महायुद्धानंतरच्या विद्यार्थ्यांनी तो विचारला. परदेशात जाण्यापूर्वी आपल्याच देशातील वर्णभेद, युद्धखोरी आणि गरिबी यांचे काय, असे ते विचारू लागले आणि १९२०नंतर मूळ चळवळीचा जोर ओसरला. रॉबर्ट वाइल्डर १९२७ पर्यंत तिचे सरचिटणीस होते. १९३८ साली नॉर्वेमध्ये त्यांचे निधन झाले.

आजची शिबिरे

स्वातंत्र्यानंतर या शिबिरांचे संयोजन भारतीयांच्या हाती आले. एससीएमने सामाजिक न्याय आणि पंथीय ऐक्य यांवर भर दिला. १९५४ साली स्थापन झालेली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया ही संघटना बायबल अभ्यास आणि वैयक्तिक श्रद्धेला अग्रक्रम देते. रोमन कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी १९२४ पासूनची परंपरा सांगणारी ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन आहे. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा करण्यात आला व रत्नागिरी जिल्हा त्यात समाविष्ट झाला. प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी अनेक १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाशी संलग्न आहेत.

शिबिरांच्या विषयांतही बदल झाला आहे. बायबल अभ्यास हा गाभा कायम असला तरी सभा चालवणे, हिशेब ठेवणे, समुपदेशन, व्यसनमुक्ती, पर्यावरण, स्त्री-पुरुष समता आणि व्यवसाय मार्गदर्शन यांना स्थान मिळू लागले आहे. मुलामुलींची एकत्र शिबिरे ही माउंट हर्मनच्या केवळ पुरुषांच्या मेळाव्यापासून बरीच दूरची वाटचाल आहे. पालकांनी चौकशी करावी अशाही काही गोष्टी आहेत. संयोजक संस्था कोणती, मार्गदर्शक कोण, खर्च कोण उचलतो, मुलींच्या निवासाची आणि सुरक्षिततेची व्यवस्था काय, आणि शिबिराचा हेतू प्रथमच स्पष्ट सांगितला जातो की नाही, हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगल्या शिबिरात या प्रश्नांची उत्तरे न मागता मिळतात.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. रविवारची शाळा चालवणारा, उपासनेत गायनाची बाजू सांभाळणारा, आजारी घरी जाऊन बसणारा आणि गावच्या सार्वजनिक कामात शेजाऱ्यांबरोबर उभा राहणारा एखादा तरुण वा तरुणी अशा मंडळीला फार मोलाची वाटते. शिबिरातून परतलेला विद्यार्थी जूनमध्ये पुन्हा मुंबईची गाडी पकडणार, हे मंडळीतील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. रॉयल वाइल्डर यांनी शाळांसाठी भांडण मांडले आणि टिळकांनी पगार सोडला, त्या दोन्ही कृतींमागे एकच चिंता होती. इथल्या मंडळीला इथलीच माणसे उभी करता आली पाहिजेत. सुट्टीतील शिबिरांचे मोल त्यांत किती नावे नोंदली गेली यापेक्षा, पुढच्या पावसाळ्यात गावातील उपासनेचा, शाळेचा आणि शेजारधर्माचा भार कोणी उचलला, यावरूनच ठरवावे लागेल.